सूट किती ते नंतर, आधी पँट मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पुरुषांच्या कपड्यांवर लेख आला होता, क्लासिक कपाट कसं असावं असा विषय होता आणि त्यात किमान सात सूट तरी हवेतच असं ठामपणे लिहिलेलं होतं. लेख चांगला होता, फोटो पण छान होते, पण तो सातचा आकडा वाचल्यापासून मनातून जात नाहीये म्हणून हे पत्र. मी तीस वर्षं सूट शिवतोय, आणि शिवण्यापेक्षा जास्त म्हणजे दुसऱ्यांनी शिवलेले सूट उसवून परत अंगाला बसवून देतोय, ऑल्टरेशनचं काम. शिवणाऱ्याला सूट नवा असताना दिसतो, माझ्याकडे तो पाच-सात वर्षांनी येतो, थकून. त्यामुळे सूट कुठे मरतो आणि कशामुळे मरतो हे मला रोज हाताखाली दिसतं, आणि त्यावरून सांगतो की कपाटात किती सूट हवेत हा प्रश्नच अर्धा आहे, कारण सूटची पँट आधी जाते आणि पँट गेली की सूट गेला.

पण आधी हे पत्र लिहायला का बसलो ते सांगतो. लेख आल्यानंतर दोन-तीन दिवसांनी एक मुलगा आला, चोवीस-पंचवीसचा असेल, नेव्ही ब्लू सूट घेऊन, बाही अर्धा इंच आखूड करायची होती. माप घेताना विचारायला लागला की काका पहिल्या मुलाखतीला हाच घातला होता, आता दुसऱ्या राउंडला बोलावलंय, परत हाच घातला तर चालेल का, लोकांच्या लक्षात येईल का, कुठेतरी वाचलंय की सात लागतात आणि माझ्याकडे एकच आहे. त्याचा चेहरा बघवत नव्हता हो. सूट त्याचा उत्तम होता, खांद्याला अगदी नीट बसलेला, आणि तो उसना पैसा उभा करून दुसरा घ्यायचा विचार करत होता. मी म्हटलं अजिबात घेऊ नकोस, शर्ट बदल, टाय बदल, बूट पुसून जा, समोरच्याच्या लक्षात राहतं ते सूट बसलाय की नाही एवढंच. नोकरी लागली आणि रोज घालावा लागला तर मग ये, तेव्हा हिशोब करू. तर तो हिशोब आता सगळ्यांसाठीच लिहून टाकतो.

माझ्याकडे येणारी पँट मी पहिल्यांदा काय करतो तर उलटी करतो आणि मांड्यांच्या मधला भाग, आम्ही ज्याला आसन म्हणतो, तो खिडकीच्या उजेडासमोर धरतो. नवीन पँटमधून उजेड सारखा येतो. दोन वर्षं रोज घातलेल्या पँटमध्ये शिवणीच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढा भाग पातळ झालेला दिसतो, तिथे उभा-आडवा धागा वेगवेगळा मोजता येतो इतका, लोकर झिजून गेलेली असते आणि फक्त विणीचा सांगाडा उरलेला असतो. चालताना मांडी मांडीला घासते, खुर्चीत बसताना ताण येतो, घाम पण तिथेच मुरतो. त्याच सूटचं जॅकेट मात्र बघा, ते दिवसातला निम्मा वेळ खुर्चीच्या पाठीवर नाहीतर हँगरवर असतं, त्याचं कोपर आणि बाहीची कड सोडली तर ते जवळपास नव्यासारखं असतं. मग गिऱ्हाईक म्हणतं की जॅकेट एवढं छान आहे, याला मॅचिंग पँट शिवून द्या. आणि इथे मला हात जोडावे लागतात.

सूट हा शब्दच मुळात फ्रेंचमधल्या मागोमाग येणं अशा अर्थाच्या शब्दावरून आलाय, म्हणजे एका तुकड्यामागे दुसरा तुकडा, सगळे एकाच कापडातले. जॅकेट आणि पँट एकाच ताग्यातून कापलेली असतात म्हणून तो सूट. दोन वर्षांनी तुम्ही त्याच मिलचं, त्याच नंबरचं कापड आणलंत तरी रंगाचा घाणा वेगळा असतो, शेड थोडी तरी वेगळी येते, शिवाय तुमचं जॅकेट तोवर उन्हानं आणि धुण्यानं उतरलेलं असतं, नेव्हीवर नेव्ही ठेवली की दिवसाच्या उजेडात लगेच कळतं. राखाडीत तर अजूनच वाईट दिसतं, एक निळसर मारतो आणि एक तपकिरी. म्हणूनच ड्रायक्लीनला टाकताना जॅकेट आणि पँट कायम बरोबर टाकायची, नुसती पँट मळली म्हणून एकटी टाकली की वर्षभरात दोघांचा रंग वेगळा होतो. हे कोणी सांगतच नाही, दुकानात पण सांगत नाहीत.

आता हिशोब. समजा एखाद्याला आठवड्याचे पाच दिवस सूट घालावा लागतो, म्हणजे वर्षाला २६० दिवस झाले, सुट्ट्या वजा न करता. पाच सूट घेतले, प्रत्येकाला एक पँट, तर एकेक पँट वर्षाला ५२ दिवस अंगावर. तीनच सूट घेतले पण प्रत्येकाला दोन पँट शिवल्या तर पँट सहा झाल्या, म्हणजे एकेक पँट ४३ दिवस. म्हणजे तीन सूटवाल्याची पँट पाच सूटवाल्यापेक्षा कमी झिजते! जॅकेटला वर्षाला ८७ दिवस येतात हे खरं, पण जॅकेट ते सोसतं हे वर सांगितलंच. आणि कापडाचं बघा, साधारण उंचीच्या माणसाला दीड मीटर पन्ह्याच्या कापडात एका सूटला सव्वातीन मीटर धरतात आणि जास्तीच्या पँटला सव्वा मीटर, अंगाप्रमाणे कमी-जास्त होईल. पाच सूटला सोळा मीटरच्या वर जातं, आणि तीन सूट दोन-दोन पँटचे साडेतेरा मीटरमध्ये होतात. शिलाई तर विचारूच नका, सूटच्या कामात जॅकेटचंच काम मोठं, दोन जॅकेट वाचली म्हणजे किती दिवसांचं काम वाचलं ते शिवणाऱ्यालाच माहीत.

म्हणून माझं उत्तर आहे तीन, दोन-दोन पँटचे. हे रोज घालणाऱ्यासाठी. चौथा घ्यायचाच असेल तर तो ऋतूसाठी, त्याबद्दल खाली लिहितो. आठवड्यातून एखाददोन वेळा घालणाऱ्याला दोन पुरतात, आणि फक्त लग्नकार्य, मुलाखत, अंत्यविधी अशा वेळीच घालणाऱ्याला एक, तोही नीट बसलेला. त्याला दोन पँट पण नकोत, त्याची पँट झिजायच्या आधी त्याचीच कंबर बदलेल.

तीनच का, दोन का नाहीत असं कोणी विचारेल. कारण लोकरीला विश्रांती लागते आणि ही काही बोलायची पद्धत नाही, कापडाचा गुणच तसा आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत ओलावा आत ओढून घेऊ शकते आणि हाताला ओली लागत पण नाही, दिवसभरात तुमचा घाम आणि बाहेरचा दमटपणा सगळा तिच्यात जातो. धागा मुळात कुरळा असतो, दिवसभर बसून बसून तो गुडघ्याला आणि कोपराला ताणला जातो, आणि हवेवर लटकवून ठेवला की ओलावा उडून जाता जाता तो परत आपल्या जागी येतो, चुण्या आपोआप निघून जातात, इस्त्री पण लागत नाही. त्याला एक पूर्ण दिवस द्या, दोन दिले तर उत्तम. तोच सूट सलग दोन दिवस घातला की तो बरा व्हायच्या आधीच परत ताणला जातो आणि मग गुडघ्याला जो फुगा येतो तो कायमचा. तीन सूट असले की आलटून पालटून प्रत्येकाला दोन दिवस मिळतात, हा साधा हिशोब आहे. दोन असतील तर एकच दिवस मिळतो, तेवढ्यावर पण चालतं पण मग एक क्लीनिंगला गेला की दुसऱ्यावर सगळा भार.

रंगांबद्दल तुमच्या लेखात बरोबर लिहिलंय, पहिला नेव्ही, दुसरा गडद राखाडी म्हणजे चारकोल, तिसरा मध्यम राखाडी किंवा नेव्हीतच बारीक रेघ नाहीतर अगदी दबलेला चौकडा. यात मला जोडायचंय ते एवढंच की पहिले दोन प्लेनच घ्या, कारण प्लेन कापड लोकांच्या लक्षात राहत नाही आणि तेच तुम्हाला हवंय, रेघवाला सूट तुम्ही सोमवारी घातला आणि परत गुरुवारी घातला तर लक्षात येतो. काळ्याबद्दल मात्र लेखात लिहायला हवं होतं. पहिलाच सूट काळा घेणारे फार आहेत, वाटतं की काळा सगळीकडे चालतो, पण क्लासिक पद्धतीत काळा हा रात्रीच्या समारंभाचा आणि दुःखाच्या प्रसंगाचा रंग, दिवसाच्या उजेडात तो सपाट दिसतो, त्यावर धूळ, केस, धागा सगळं दिसतं आणि चकाकी सगळ्यात आधी त्यावर उठून दिसते. ती चकाकी म्हणजे काय तर घासून घासून आणि गरम इस्त्री थेट फिरवून लोकरीचे तंतू चपटे होतात आणि आरशासारखे चमकायला लागतात. मध्ये ओलसर सुती फडकं ठेवून इस्त्री केली तर हे बरंच टळतं. चकाकी एकदा नीट आली की जात नाही, वाफेनं थोडे दिवस दबते एवढंच.

डिनर सूट, म्हणजे अमेरिकेत ज्याला टक्सिडो म्हणतात, १८८६ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क इथल्या क्लबावरून ते नाव पडलं, तो या मोजणीत धरूच नये. ज्याला तशी आमंत्रणं येतात त्याला तो लागतो, बाकीच्यांना आयुष्यात एकदा लागला तर भाड्यानं मिळतो. वेस्टकोटचं पण तसंच, हवा तर शिवा.

आता ऋतूचं. वर्षभर चालेल असं कापड म्हणजे साधारण २८० ते ३४० ग्रॅमचं वर्स्टेड, म्हणजे गुळगुळीत लोकरीचं कापड, हे वजन मीटरमागे असतं. यातच पहिले दोन घ्या. खूप उकाडा असणाऱ्या ठिकाणी राहणाऱ्यानं तिसरा हाय ट्विस्ट कापडाचा घ्यावा, त्यात धाग्याला पीळ जास्त देतात आणि वीण मोकळी ठेवतात, हवा आरपार जाते आणि चुण्याही कमी पडतात. थंडीच्या ठिकाणी तिसरा किंवा चौथा फ्लॅनेलचा, म्हणजे मऊ लवदार लोकरीचा. लिननबद्दल मला प्रेम आहे पण रोजच्या कामाला त्याचा सूट घेऊ नका, दोन तासांत चुरगळतो, ज्याला ते चुरगळणं आवडतं त्यानं हौसेनं घ्यावा. इथे एक चूक सगळे करतात, लेबलवर सुपर १५० लिहिलेलं बघून तेच जास्त चांगलं समजतात. तो आकडा फक्त तंतू किती बारीक आहे ते सांगतो, सुपर १०० म्हणजे तंतूची जाडी जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १२० म्हणजे १७.७५, आणि सुपर १५० म्हणजे १६.२५. जितका बारीक तितका हाताला मऊ आणि तितकाच नाजूक. रोज घालायच्या सूटला, आणि पँटला तर नक्कीच, सुपर १०० किंवा ११० च्या पुढे जाऊ नका. सुपर १५० ची पँट मी वर्षाच्या आत आसनाला फाटलेली बघितली आहे, घालणारा माणूस सडपातळ होता, त्याची काहीच चूक नव्हती, रोज ऑफिसला घालायला ते कापड नव्हतंच.

सात सूटच्या विरोधात माझं खरं म्हणणं असं आहे की सात घेणारा माणूस बहुतेक वेळा ते वर्ष-दोन वर्षांत घेतो, आणि मग ते सगळे एकाच मापाचे असतात. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते अकरा सूट घेऊन, गाडीतून दोन फेऱ्यांत आणले, सगळे चांगले, आणि त्यातला एकच अंगाला होत होता. तीन-चार वर्षांत पोट दोन इंचांनी वाढलं होतं, आणि एकाच काळात घेतलेले असल्यामुळे सगळे एकदमच लहान झाले. चांगल्या शिवणीत पँटच्या मागच्या शिवणीला दीड-दोन इंच माया, म्हणजे आत जास्तीचं कापड, सोडलेली असते, तेवढी कंबर वाढवता येते, जॅकेटच्या कुशीतून पण थोडं मिळतं. पण त्यातल्या बऱ्याच सूटमध्ये माया कापून टाकलेली होती, पाव इंच पण नव्हती, मी काय सोडणार. चार सूट कसेबसे बसवून दिले आणि सहा तसेच परत नेले त्यांनी. तेव्हा वाईट वाटलं, आजही वाटतं. तेच सूट दर दोन-तीन वर्षांनी एक असे घेतले असते तर कायम एखादा तरी ताज्या मापाचा असता.

आणि जो सूट घातलाच जात नाही त्याला कसर लागते. कसरीचा पतंग कापड खात नाही, त्याची अळी खाते, तिला लोकरीतलं केराटिन लागतं, अंधार लागतो आणि कोणी हलवायला नको असतं. त्यात घामाचा, खाण्याचा डाग राहिला असेल तर ती जागा आधी. रोजच्या वापरातल्या सूटला मी क्वचितच कसर बघितली आहे, बघतो ती कायम मागच्या रांगेतल्या सूटला, कॉलरखाली नाहीतर खिशाच्या झाकणाखाली, आणि नेमकं जेव्हा तो घालायचा असतो त्याच दिवशी कळतं. ठेवणीतला सूट स्वच्छ करून, ब्रश मारून, सुती पिशवीत ठेवावा, क्लीनिंगवाल्याच्या प्लास्टिकमध्ये ठेवू नये, आणि महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर काढून झटकावा. तीन सूटचं हे होतं. सात-आठचं कोणी करत नाही.

तेवढ्याच पैशांत पाच घ्यायचे की तीन हा प्रश्न आला की मी जॅकेटचं पोट तपासायला सांगतो. समोरच्या भागात, बटणाच्या जरा खाली, बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर दोन्ही चिमटीत धरून हलकेच एकमेकांपासून ओढून बघा. मध्ये एक तिसरा मोकळा थर हाताला लागला तर आत कॅनव्हास आहे, घोड्याच्या केसांचा आणि लोकरीचा, टाक्यांनी बसवलेला, तो वर्षानुवर्षं अंगाप्रमाणे वळत जातो. तिसरा थर सुटा लागला नाही आणि बाहेरचं कापडच जाड, कडक लागलं तर ते फ्युजिंग, म्हणजे गोंदानं चिकटवलेलं. फ्युजिंग वाईटच असतं असं मी म्हणणार नाही, आताचं बरंच टिकतं, पण वारंवार ड्रायक्लीन आणि गरम प्रेस झालं की कधी कधी गोंद जागोजागी सुटतो आणि लॅपलवर म्हणजे कॉलरखालच्या दुमडीवर, छातीवर बारीक फुगे येतात, पावसाचे थेंब पडल्यासारखे. ते परत कधीच बसत नाहीत. एका मुलाचा सूट असा आला होता, तीनदा क्लीन केलेला फक्त, लग्नाचा होता, त्याला वाटलं क्लीनिंगवाल्यानं बिघडवला पण दोष आतल्या चिकटवणीचा होता. म्हणून पाचातले दोन कमी करा आणि ते पैसे कॅनव्हासमध्ये घाला, निदान हाफ कॅनव्हास, म्हणजे वरच्या अर्ध्या भागापुरता, तरी. खांदा पण आधीच बघून घ्या, कारण बाही, कंबर, उंची सगळं आम्ही करून देतो पण खांदा मोठा घेतला तर मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो भाग, उसवून सगळं जॅकेटच नव्यानं बांधावं लागतं, मी बहुतेक वेळा नकोच म्हणतो.

पँटबद्दल अजून दोन गोष्टी, कारण हे शिवणाऱ्याला आधी सांगितलं तरच होतं. आसनाला आतून अस्तराचा चौकोनी तुकडा लावून घ्या, चार बाजूंनी दुमडून, म्हणजे घासायचं ते त्याला घासतं आणि तो झिजला की मी अर्ध्या तासात बदलून देतो, कापडाला काही होत नाही. आणि बॉटमला मागच्या बाजूनं टाचेशी पट्टी लावून घ्या, बूट घासून तिथली कड कायम कुरतडली जाते. या दोन गोष्टींनी पँटचं आयुष्य किती वाढतं ते मी बघितलंय. तयार सूट घेत असाल आणि दुकानात जॅकेट-पँट सुटी मिळत असेल तर त्याच दिवशी, त्याच लॉटमधली दुसरी पँट घ्या, सहा महिन्यांनी जाऊ असं म्हणू नका, तोवर लॉट बदललेला असतो. आणि घेतलीत की दोन्ही पहिल्या आठवड्यापासून आलटून पालटून वापरा, दुसरी जपून ठेवू नका. एक गिऱ्हाईक पहिली फाटेपर्यंत दुसरी कपाटात ठेवून बसले होते, बाहेर काढली तेव्हा जॅकेट उतरलेलं आणि पँट कोरी, दोन वेगळ्या सूटचे तुकडे वाटत होते.

ज्यांना कपड्यांची आवड आहे त्यांनी वीस घ्यावेत, मला आनंदच आहे, आमचा धंदा त्यांच्यावर चालतो आणि चांगलं कापड हातात आलं की आजही मी दोन मिनिटं नुसतं चोळून बघत बसतो. पण आवड वेगळी आणि गरज वेगळी, आणि पेपरात हवेतच असं छापून आलं की वाचणारा पोरगा ते गरज म्हणून वाचतो. तो पंचवीस वर्षांचा मुलगा कर्ज काढायला निघाला होता हे मी विसरू शकत नाही.

तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी या विषयावर काही आलं तर सूटच्या आकड्याबरोबर पँटचा आकडा पण द्या ही विनंती. आणि हे पत्र मोठं झालंय याची कल्पना आहे, जागेअभावी कापावं लागलं तर कसरीचं काढा, काळ्या सूटचं काढा, पण तो २६० दिवसांचा हिशोब तेवढा राहू द्या.

आपला,
ऑल्टरेशनचं काम करणारा एक वाचक